पावती क्रमांक २१७

तपकीर गल्लीत, जिन्याखालच्या माझ्या दुकानात
एक जपानी रिसीव्हर आहे, चंदेरी तोंडाचा,
इतका जड की हलवायचा तर
शेजारच्या नौशादला हाक मारावी लागते.
डाव्या बाजूची त्याची ताकद गेलीये.
आउटपुटचे दोन ट्रान्झिस्टर जळलेत,
तसले आता मिळत नाहीत.
मिळतात ते वरून खरं नाव, आत भलतंच.

पण पाठीमागे 'टेप आउट' लिहिलेली दोन भोकं आहेत.
तिथून दोन्ही बाजू अजून स्वच्छ येतात.
तिथेच मी वायरी खोचल्या, पुढे मगरतोंडी चिमटे लावले,
आणि गेली बारा वर्षं
दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरला
पहिला घोट तोच पाजतो.

गिऱ्हाईक म्हणतं, गाणं लावा की.
मी गाणं लावत नाही.
गाणं फसवतं. ओळखीचं असलं
की कान तुटलेलं आपणच सांधून घेतो.
मी काटा फिरवतो दोन स्टेशनांच्या मधे,
जिथे कुणी बोलत नाही, कुणी काही विकत नाही,
नुसती खरखर,
भट्टीवर चुरमुरे चाळावेत तशी.
तिच्यात जाडे बारीक सगळे सूर असतात,
म्हणून जे कमी पडतं ते लगेच कळतं:
फाटका कोन, सुकलेला कपॅसिटर,
एका अंगाला कललेला आवाज.
खरखर कुणाची भीड ठेवत नाही.

माझा उजवा कान विसर्जनाच्या रात्री गेला,
टिळक रस्त्यावर, स्पीकरच्या भिंतीसमोर.
भिंत मीच जोडली होती.
त्यामुळे मी डाव्याने ऐकतो,
मग मान वळवून दुसरा स्पीकर, तोही डाव्यानेच.
नौशाद हसतो. म्हणतो, तुमच्या दोघांत मिळून
एक माणूस बरा निघेल.

भिंतीवर पाटी आहे, माझ्याच अक्षरात:
'तीन महिन्यांत वस्तू न नेल्यास भंगारात जाईल.
वाद घालू नये.'
पाटी खोटी आहे. माझ्याच्याने काही भंगारात जात नाही.

गुरुवारी, लाइट नुकती आली होती,
तेव्हा एक बाई जिना चुकून, परत फिरून आल्या.
पर्समधून पावती काढली. दोनशे सतरा.
श्री. अनंत टेंबे, एरंडवणे. आगाऊ रुपये दोनशे.
"बाबा मार्चमध्ये गेले. ही कपाटात होती."
मी पाटीकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं.
मग दोघांनी त्याच्याकडे पाहिलं,
झाकण काढलेला, अंगभर चिमटे,
रास्ता पेठेतल्या कुठल्याशा मंडळाच्या अ‍ॅम्प्लिफायरला
खरखर पाजत बसलेला.

दुसऱ्याची गाय मी बारा वर्षं दुभत होतो.

म्हटलं, अजून दुरुस्त नाही झाला.
"चालू आहे की."
म्हटलं, हे चालू नव्हे, हे नुसतं —
पुढे शब्द सुचेना. हात काट्याकडे गेला,
निदान विविधभारती तरी लावावी म्हणून.
"राहू दे," त्या म्हणाल्या.
"बाबा स्टेशन नीट लावायचेच नाहीत.
आई ओरडायची.
आम्हाला वाटायचं, हात थरथरतो."

स्टुलावर बसल्या. स्टुलावर सोल्डरचा डाग होता,
सांगायचं राहून गेलं.
चहा आला, निवला.

फ्लॅट लहान आहे, म्हणाल्या, इथेच असू दे.
मी गल्ल्यातून दोनशे काढले, ते घेतले नाहीत.
पावती मात्र चार घड्या घालून
परत पर्समध्ये ठेवली.

रविवारी जुन्या बाजारात गेलो होतो.
ताडपत्रीवर ढीग उपसत दुपार झाली.
दोन ट्रान्झिस्टर मिळाले.
त्यातला एक बहुतेक खरा आहे.