डब्यातला तुकडा

श्रीपादमामा तीस वर्षं पडद्याकडे पाठ करून बसला.
सरवट्यावरून पहाटेची बस, पायांशी रिळांची पेटी,
मांडीवर आईनं दिलेला डबा:
बडवाह, सनावद, खरगोन,
जिथं पोस्टर रात्री लागायचं, सकाळी
बाईच्या छातीवर कुणीतरी शेण मारलेलं असायचं
आणि बाराचा खेळ भरायचा.

काम एवढंच, डोकी मोजायची.
टॉकीजवाला दीडशे बसवून सत्तर सांगतो,
म्हणून इंदूरचा शेठ माणूस धाडतो.
दहा डोक्यांना आगपेटीतली एक काडी,
या खिशातून त्या खिशात.
पाठीमागे बावडीतून चुडैल निघे,
तिच्या ओल्या साडीचा उजेड
समोरच्या तोंडांवर पडे: हमाल, कंपाउंडर,
उपरण्यात नाक लपवलेले एक शास्त्रीबुवा.
"भिया, हमको मत गिनो," कुणी कुजबुजलं होतं.
मामानं मोजलं.

आई सांगायची, भाऊ फिल्म लाइनमध्ये हिशेब बघतो.
खोटं नव्हतं.
मुलीकडच्यांनी विचारलं, कुठले सिनेमे?
तर मामाच म्हणाला, "बावडी नंबर तेरह",
आणि पोह्यांवर आणखी शेव घालून घेतली.

सेन्सॉरनं न पाहिलेला तुकडा वेगळा यायचा,
दोन मिनिटांचा, बिननावाचा,
भुताच्या सिनेमाला जोडा, डाकूच्या जोडा.
सनावदला धाड पडली तेव्हा तो
डब्याच्या तळच्या कप्प्यात; वर पोळ्या, लिंबाचं लोणचं.
हवालदारानं झाकण उघडलं, वास घेतला, मिटलं.
त्या रात्री आईनं डबा राखेनं तीनदा घासला.
विचारलं काहीच नाही.
सकाळी त्यातच भाजी भरली.

मामा गेल्यावर त्याच कप्प्यात सापडल्या
अकरा चौकटी. खिडकीशी धरल्या.
बाई आहे. चुडैलीचे केस काखेत,
अंगावर कुणा पुरुषाचा स्वेटर,
हातात चहाची बशी,
पोटरीला डास चावलाय, तिकडे बघतेय.
अकरा चौकटी म्हणजे अर्धा सेकंदही नाही.
बशी ओठांपर्यंत पोचत नाही.

हे कुठंच जोडण्यासारखं नव्हतं
म्हणून ऑपरेटरनं कापलं असेल,
मामानं जमिनीवरून उचललं असेल.
की त्यानंच मागितलं, एकदा मान वळवून?

आई म्हणाली, दे इकडे.
चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.
"थंडी असणार," म्हणाली,
"केवढी भिजलीये."