बिब्ब्याची खूण

जिनवाल्या शेठच्या बंगल्यात
बेचाळीसच्या भादव्यात पलटण उतरली.
व्हरांड्यात तारयंत्र. बिलियर्डच्या टेबलावर
आमच्या गावाचा नकाशा,
चार कोपऱ्यांवर चार गोटे,
आमच्याच नदीतले.

गावात बाप्ये उरले तीन:
एक आंधळा, एक पाटील
आणि माझा आजा, डोमा वरठी.
कारण साहेबाला कडक इस्त्री लागायची.

रोज गाढवावर गाठोडं यायचं.
आजा घाटावर खाकी आपटायचा,
त्याआधी बाह्या उलगडून बघायचा
आणि मनात मोजायचा:
आज दोघं.
आज पाच.

एका सकाळी
बूट पुसायच्या चिंध्यांत
धोतराचा तुकडा निघाला.
काठाशी बिब्ब्याचे तीन ठिपके,
त्यानंच घातलेले.
आडकू सुताराचे.

भट्टी लावली. धुतला. निळीतून काढला.
तेवढ्याशा तुकड्याची घडी घालून
दिवेलागणीला आडकूच्या दारात उभा राहिला.
तिनं ठिपके पाहिले.
बराच वेळ पाहिले.
मग सवयीनं विचारलं,
"धुलाईचे किती झाले?"

आजा इथवरच सांगायचा.
पुढं इस्त्रीतले कोळसे फुंकत बसायचा,
पेटलेले असले तरी.

बंगल्यात आता तलाठी बसतो.
सातबाऱ्यासाठी मी त्याच व्हरांड्यात
रांगेत उभा असतो,
बाह्या खाली सोडून.