चार नऊ

जुलैतली थंडी नदीवरून साल्तोत येते,
ती आधी बोटं पकडते.
हातमोजे काढून मी माउस धरला
तर तो माझ्यापेक्षा ऊबदार.
"बिघडलंय," डेल्मिरा म्हणाली,
"मिनिटभर गप्प बसलं की बडबडायला लागतं."

मी हात मागे घेतला. थांबलो.
बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर सुरू करू बघत होतं,
तो नुसता खोकत होता.
पडदा काळा झाला
आणि उजवीकडून, गोगलगाईच्या चालीनं,
पिवळी ढब्बू अक्षरं निघाली:

मागे आहे. अंगणात. ओविदियो.

मार्चपासून ओविदियो अंगणात नाही.
गावाबाहेर, सरूच्या रांगेपलीकडे आहे.

संत्र्यांच्या कारखान्यात, पट्ट्यांच्या खडखडाटात
बत्तीस वर्षं वजनकाट्याशी बसून
त्याचे कान गेले.
ही हाका मारी, तो ऐकेना.
खोल्याखोल्यांतून त्याला हुडकत
हिचे गुडघे गेले.
मग त्यानं काय केलं ते ती सांगत होती.
सांगायची गरज नव्हती,
सेटिंगची खिडकी उघडली की माणूस दिसतोच:
वाट पाहा, एक मिनिट.
वेग, सगळ्यात कमी.
अक्षर बहात्तर, ठळक.
रंग पिवळा, कारण हिच्या मोतीबिंदूतून
पिवळाच तेवढा आत पोचतो.

मी यादी वरखाली करून दाखवली.
बुडबुडे. रंगीत फिती. नळांचं जाळं.
अंधारातून अंगावर येणाऱ्या चांदण्या.
"बुडबुडे कशाला? मी काय अंघोळ करतेय?"
चांदण्यांनी तिला गरगरलं.
नातवंडांचे फोटो लावू का म्हटलं, तर म्हणाली,
"पोरं मोन्तेव्हिदेओत आहेत, मला ठाऊक आहे.
दर मिनिटाला कशाला सांगायचं?"

शेवटी मी बाण 'काहीही नाही'वर नेला.
नुसता नेला.
तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.
"मिनिटं वाढवता येतात?"
येतात.
"किती?"
मी नऊ दाबत गेलो.
चार नऊंवर यंत्र अडलं.

विजेच्या बिलामागं तिनं भागाकार मांडला.
शाळेत शिकवायची ती, हातचा विसरत नाही.
सात दिवस,
त्यातून एक तास एकवीस मिनिटं वजा.

रोज दुपारी ती पत्ते खेळते,
एकटीच, याच पडद्यावर.
यंत्र कधी बंद करत नाही,
बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याची तिला खात्री नाही.
"म्हणजे मी खेळत राहिले तर हा गप्प."
हो.
"आणि नाही खेळले,"
तिनं पेन्सिल बिलावर आडवी ठेवली,
"तर आठवड्यानं जो कोण दार उघडेल
त्याला कळेल कुठं बघायचं."

खालचं नाव तसंच ठेवायचं का,
माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं.
मी माउसची वायर सरळ करत बसलो.
ती सरळच होती.

"एकदा दाखव," ती म्हणाली. "चालतंय का बघू."
मी 'झलक'चं बटण दाबलं.
"आता हात नको लावू."
नाही लावला.

स्वयंपाकघरात केतली होती,
येर्बाचा पाला भिजवायला ठेवलेलं पाणी.
ते उकळायच्या आत उतरवायचं असतं,
उकळलं की पाला करपतो, चव जाते,
इथं लहान पोरालाही हे सांगावं लागत नाही.
केतली आम्हा दोघांनाही ऐकू येत होती.

अक्षरं डाव्या काठाला पोचली.
नावाचा शेवटचा तुकडा
तिथं अर्धा कापला गेला, मग उरलेला.
काही क्षण नुसता काळा पडदा,
त्यात आमची दोघांची डोकी.
मग पुन्हा उजवीकडून: मागे आहे.

"ओतून टाकते ते पाणी," ती म्हणाली.
उठली नाही.