तंबूला दार नसतं

बुशायरच्या वाळूत खुंटा टिकत नाही.
दोराला धोंडे बांधावे लागतात,
तरी रात्री शमाल सुटला की कापड फडफडतं
नवगावच्या बंदरातल्या शिडासारखं.

बिगुलाआधी मी उठतो.
डोळ्यांवर हात ठेवून शमा म्हणतो, हळू.
शेजारी राणोजी शेडगे,
उशाशी भंडाऱ्याची पुडी.
एकदा म्हणाला, "तुझा देव दिसतो कसा?"
"दिसत नाही. म्हणून तर डोळे झाकतो."
"पहाऱ्यावर झाकू नको म्हणजे झालं."

मटणाच्या दिवशी मला डाळ.
लांगरी आता विचारत नाही,
पळीभर जास्त ओततो.

शनवार मात्र रायफलीला ठाऊक नाही.
आमच्या घाण्याचा बैलसुद्धा शनवारी सुटा असायचा,
गाव आम्हाला शनवार तेलीच म्हणायचं.
इथेही मी शनवारी दिवा लावत नाही,
विडी पेटवत नाही,
आणि गेल्या शनवारी टेकाडाआडून
सात गोळ्या झाडल्या.
सात. आगच ती.
लागली कुणाला, ते अंधार जाणे.
हवालदार शाबास म्हणाला.
तीन तारे दिसल्यावर नळी पुसायला बसलो
तर तेलाला बापाच्या हाताचा वास.

बाजारात रहमीन गुलाबपाणी विकतो.
खाकीतला, काळा, मिशीवाला मी
त्याला यहुदी वाटेना.
शमाचे पहिले चार शब्द मी म्हटले,
उरलेले दोन त्याने.
मग कुपीचे पैसे घेतले. पुरे घेतले.

यंदा दारफळणीचा सण शनवारीच आला.
राणोजीची भादव्यातली दशमी,
माझी तिश्रीची दहा,
चंद्र दोघांचा एकच, एका अंगाने चेपलेला.
घरी आई आदल्या संध्याकाळीच दार लोटायची.
पांढरे कपडे, कोरडं तोंड,
बाहेरचा शब्द आत नाही, आतला बाहेर नाही.
सुभेदाराने दिवसाची सुट्टी दिली.
दार कुठून देणार?

उपास धरला तसा राणोजी
काडतुसांचा रिकामा खोका घेऊन
तंबूच्या तोंडाशी बसला, पाठ माझ्याकडे.
कुणी आलं की म्हणे, "बंद आहे."
"काय बंद आहे?"
"दार."
दुपारी लांब कुठे तोफ झाली.
तो हलला नाही.
मावळतीला तोंड करून, म्हणजे त्याच्याच पाठीकडे,
घामाने खाकी काळी पडत गेलेल्या पाठीकडे,
मी सात गोळ्यांचं सांगत राहिलो.
माफी मागायची कुणाची, नाव माहीत नाही.

अंधारलं. "उघडू?" म्हणाला.
पाणी प्यालो. मचूळ.

उद्या शिळा सण.
घरी त्या दिवशी माणसं भेटीला येतात.
इथे पहाटे चारला माझा पहारा, विहिरीच्या वाटेवर.
कुणी आलंच तर
आधी ओरडून विचारायचं, असा हुकूम आहे,
कोण आहे?