तेरावा महिना

डीत्सेलबाईंच्या पडद्यावर महिने बारा.
बाण खाली घसरत येतो, डिसेंबरला ठेचकाळतो,
पुन्हा वर जातो.
मी म्हणते, अजून खाली बघा, असेल.
त्या बघतात. स्वभावाने वाईट नाहीत.
टेबलावर निवडुंगाची कुंडी,
निवडुंगाला लोकरीची टोपी विणलेली.

मी जन्मले पागुमेच्या तिसऱ्या दिवशी.
बारा महिने तीस-तीस दिवसांचे वाटून झाले
की उरतात पाच दिवस, चौथ्या वर्षी सहा.
पोळ्या लाटून झाल्यावर परातीत उरलेल्या
कणकेच्या गोळ्याएवढा महिना.
त्याचा पगार आमच्याकडे कुणी देत नाही,
भाडंही कुणी मागत नाही.
आणि साल असं, की गावात दाणा नव्हता.
दुष्काळात तेरावा महिना म्हणतात ना,
ती मी.

दुभाषा फोनवर आहे, कुठल्या तरी दुसऱ्या शहरातून.
त्याच्यामागे मूल रडतंय.
तो हळूच आमच्या भाषेत म्हणतो,
ताई, सप्टेंबर सांगा आणि मोकळ्या व्हा.
सप्टेंबर चालेल, डीत्सेलबाई म्हणतात,
पण दाखला?
दाखला अदिग्रातच्या नगरपालिकेत होता.
मग तिथून मागवा.
नगरपालिका जळाली.
जळाल्याचा दाखला?

हा प्रश्न दुभाषा माझ्यापर्यंत आणत नाही.
नुसता खोकतो.
मला तो तसाच कळतो.

मग बाण चढत चढत पार वरती गेला
आणि तिथे बसला. एक जानेवारी.
छपाईयंत्र गरम वासाचा कागद ओकलं, शिक्का पडला,
आणि भर थंडीत, आईला न विचारता,
मी आठ महिने आधी जन्मले.

बाहेर बाकावर आब्दिरिझाक. एक जानेवारी.
त्याच्या शेजारी कुंदुझचे दोघे भाऊ, एक जानेवारी,
सालही एकच.
जुळे नाहीत, पण कायद्याने जुळे,
आणि धाकटा तेव्हापासून थोरल्याचं ऐकत नाही.
कोपऱ्यातल्या म्हातारीने आपला कागद उलटा धरलाय,
तिचाही बहुतेक तोच.

त्या वर्षी एकतीस डिसेंबरला
वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आम्ही नऊ जण
एका केकभोवती उभे होतो.
बाराच्या ठोक्याला कासेलचं आभाळ फुटलं,
लाल, हिरवं, पुन्हा लाल.
मी टेबलाखाली कधी गेले मला कळलं नाही.
आब्दिरिझाक खिडकी उघडून म्हणाला,
ये बाहेर, लेटेब्रहान,
अख्ख्या शहराला आपला वाढदिवस पाठ आहे.

तीन वर्षं अशी पत्रांच्या पिवळ्या पाकिटांत गेली.
ह्या वेळचं पत्र आलं: आठ सप्टेंबर,
सकाळी सात चाळीस, खोली तीनशे चौदा,
मूळ कागद सोबत आणणे.
आठ सप्टेंबर.
बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.
पागुमेचा तिसरा.

त्या दिवशी आमच्याकडे आभाळातून पडतं ते पाणी तीर्थ.
आई अंगणात पातेली मांडायची,
आम्हाला उघड्याने उभं करायची,
आणि शेजारची पोरंसुद्धा ढकलून द्यायची त्यात,
कुणाची का असेनात.

ट्राममधून उतरले तर इथे भुरभुर चाललेली.
तीर्थ वगैरे काही नाही, साधा जर्मन पाऊस,
तिरका, शिस्तीत.
छत्री उघडली होती. मिटली.
कचेरीपर्यंत चारशे पावलं,
ती मी सावकाश चालले.

अरे देवा, डीत्सेलबाई म्हणाल्या, बहुतेक तसंच काहीतरी,
आणि खणातून हात पुसायचे खाकी कागद काढून दिले.
मग काळजीने: मूळ कागद?
कोरडे आहेत, मी म्हणाले,
फोनवाल्याशिवाय, त्यांच्या भाषेत.
पोलक्याच्या आत, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत
ते खरोखरच कोरडे होते.

तीन महिने वाढवून मिळाले.
मी उठले तेव्हा खुर्चीवर तळं साचलं होतं.
पुढचा नंबर दारात आलाच होता.
डीत्सेलबाईंनी त्याला हात केला,
थांबा जरा.