मधल्या बोटाची शाई

पोटहिस्सा, पोटजात, पोटभाडेकरू :
मूळच्या जागी न मावलेल्या गोष्टींना
आपण पोट लावतो.
तशी ही पोटनिवडणूक.
आबासाहेब अडीच वर्षांतच गेले
आणि बोरीकाठची एक खुर्ची
मुंबईत रिकामी राहिली.

तिकडे एकशे चव्वेचाळीस, इकडे एकशे त्रेचाळीस,
मधे आम्ही.
आम्ही म्हणजे हे गाव. मी नाही.
माझं नाव धरणगावच्या यादीत,
तिथे या वर्षी कसलंच मतदान नाही.
मी फक्त मतदान अधिकारी क्रमांक दोन,
बाटली आणि काडी माझ्याकडे.

जिल्हा परिषदेची फेब्रुवारीतली शाई
लोकांच्या तर्जनीवर अजून होती,
नखाबरोबर वर सरकत चाललेली.
म्हणून वरून पत्र आलं : या खेपेस डावं मधलं बोट.
ते ऐकून भटू होमगार्ड हसला.
बाविस्कर सरांनी चष्म्यावरून पाहिलं,
तरी हसला.

आदल्या संध्याकाळी आम्ही वर्ग झाकला.
'हात धुवा'मधला हात, कमळाचा क,
पाढ्यांच्या गाडीचं इंजिन, भिंतीवरचं घड्याळ,
सगळी कोणाची ना कोणाची चिन्हं.
वर्तमानपत्र चिकटवलं, तर पहिल्याच पानावर
दोन्हीकडचे पुढारी समोरासमोर,
आणि डोक्यावर मोठ्या टायपात : सरकार कोणाचं?
सर म्हणाले, उलटं लावा.
मग रात्रभर भिंतीवर कापसाचे भाव, मका, दादर,
पारोळ्याहून हरवलेल्या एका म्हशीची जाहिरात.
कागदाखाली घड्याळ टिकटिकत राहिलं.
मी बाकावर झोपले, म्हणजे पडून राहिले.

महिन्याभरात नऊ मंत्री येऊन गेले होते.
माजी कोणी मोजले नाहीत.
पऱ्हाट्या उपटलेल्या शेतात हेलिकॉप्टर उतरलं,
तेव्हा त्याची धूळ शेवभाजीच्या पातेल्यापर्यंत गेली
आणि पंगत तशीच बसली.
रस्त्याला डांबर पडलं ते शाळेच्या फाटकापर्यंत.
फाटकापुढे भिलाटी. तिथून जुनी खडी.

दुपारी त्रेचाळीस अंशात येसाबाई आली.
मी म्हटलं, मावशी, डावा हात.
तिने पुढे केला. मधलं बोट नव्हतं.
"नई शे वं माय. जिनमा गयं."
सरकीतून रुई निघते तशा सहज आवाजात.
सर पुस्तिका चाळू लागले,
दोन्ही पक्षांचे एजंट पहिल्यांदाच एकाच पानात डोकावले.
ती उभी. मागे रांग.
"आते कोनतं बी लाव, पन लाव."
मी करंगळीशेजारच्या बोटाला लावली,
अंगठी नसलेल्या.
तिने फुंकर घातली आणि पुठ्ठ्याच्या आडोशाला गेली.
बीप वाजायला वेळ लागला.
एवढा वेळ तिथे कोणी मंत्रीसुद्धा थांबला नव्हता.

तिसऱ्या दिवशी आबासाहेबांची सून
सहाशे तेरा मतांनी आली.
एकशे पंचेचाळीस. गुलाल. डीजे.
सरकार वाचलं, असं सगळे म्हणाले.

जुलैत चार जण उठून
समोरच्या बाकांवर जाऊन बसले.
त्यांच्या कुठल्याच बोटाला
कोणी काही लावलं नाही.

त्या रात्री पेट्या जमा करून
धरणगावच्या बसमध्ये बसले, तेव्हा कंडक्टरनं
पैसे घेताना माझे हात पाहिले,
दोन्ही पंजे, तळव्यापर्यंत जांभळे.
"मॅडम, किती मतं दिली?"
सातशे बेचाळीस, मी म्हटलं.
आणि सुट्टे घ्यायचे राहिले.

कागद काढायला सोमवारी पुन्हा गेले.
'हात धुवा'च्या हाताची करंगळी
डिंकाबरोबर निघून आली.
घड्याळ चालू होतं, सात मिनिटं मागे.
तसंच ठेवलं.