शेरा

वहीला पाच रकाने आहेत:
अनुक्रमांक, नाव, रक्कम, परतफेड, शेरा.
शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद.
टिपणीसमास्तरांनी किल्ल्या देताना सांगितलं होतं,
"तारीख लिहायची, 'कै.' लावायचं.
बाकीचं तोंडी."

तर तोंडी.

एकतीस. वामन रघुनाथ अधारकर, सोळा रुपये महिना.
आजव्याच्या तलावावर पाण्याची पातळी मोजण्यात
उभी नोकरी गेली.
स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचला, विजारी गुडघ्यापर्यंत ओल्या.
ही गोष्ट त्याची बायको दर सभेत सांगायची,
आम्ही दर सभेत हसायचो.
आता तीही नाही, म्हणून मी सांगते,
पण मला ओली विजार तिच्यासारखी जमत नाही.

अठ्ठावन्न. कुमुदिनी दिघे.
कमाटीबागेतल्या झाडांची लॅटिन नावं
शाळकरी पोरीसारखी पुटपुटत चालायची.
नैरोबीला बावीस वर्षं शिकवलं,
परतली ती वाळक्या पानांची पेटी घेऊन.
कस्टमवाल्यानं किमतीच्या जागी शून्य लिहिलं.
ती पावती तिनं फ्रेम करून लावली होती,
पदवीच्या शेजारी.

त्र्याऐंशी. लहानू सखाराम बिऱ्हाडे, धातुशास्त्र.
पहिल्या सत्काराच्या दिवशी सगळ्यांना कपबशी,
त्याला कान तुटलेला कप, बशीशिवाय.
कुणी काही बोललं नाही.
इतिवृत्तात हारांची संख्या आहे, वक्त्यांची नावं आहेत.
पुढं पोलादाच्या भट्टीवर मुख्य झाला,
मार्च महिना चुकवला नाही, चेक यायचा.
सभेला एकदाही आला नाही.
"प्रकृतीच्या कारणास्तव" असं आम्ही लिहीत राहिलो,
एकोणतीस वर्षं,
आणि माणूस ठणठणीत होता.

एकशे चार, डॉक्टर अब्बास लोखंडवाला,
छोटाउदेपूरचा दवाखाना, फीसाठी पत्र्याचा डबा,
ज्याला जमेल त्यानं टाकावं,
ज्याला नड असेल त्यानं काढावं.
नवी मुलगी हेतल वहीवर वाकून विचारते,
"बेन, हे 'कै.' म्हणजे शुं?"
कैलासवासी, मी म्हणते.
"अब्बासकाका पण कैलासमां?"
टिपणीसमास्तरांनी सगळ्यांना एकच शिक्का मारला होता.
मी चष्मा पुसत बसले.

एकशे बारा मी.
पस्तीस रुपये महिना, ग्रंथालयशास्त्र.
शेरा कोरा आहे अजून.

आणि सत्त्याण्णव.
भालचंद्र फणसे. इंटर सायन्स.
शेऱ्यात लाल शाईनं एकच शब्द: अपूर्ण.
वडील गेले, पोरगं वर्ष सोडून निघून गेलं,
कुठं ते वही सांगत नाही.
मला ठाऊक आहे. न्यायमंदिरामागं सायकलचं दुकान.
सहा वर्षं माझ्या चाकांत हवा त्यानं भरली,
पैसे घेतले नाहीत,
पंप मारता मारता विचारायचा,
"ताई, सध्या काय चाललंय वाचायला?"
मला वाटायचं, गिऱ्हाइकाशी बोलायची रीत असेल.
कधी कधी घाईत मी उत्तरही दिलं नाही.

तो वारल्यावर ओळ सापडली.
परतफेडीचा रकाना त्याला पुरला नव्हता.
दहा, दहा, पाच, दहा, दिवाळीचे पंधरा,
आकडे समासात चढलेले, मुंग्यांसारखे.
घेतले होते दोनशे चाळीस.
परत केलेले मी दोनदा मोजले:
सहाशे पंच्याऐंशी.

वहीच्या पुठ्ठ्यावर छापलंय, खोडाखोड करू नये.
ग्रंथालयात चाळीस वर्षं काढली, मी करणार नाही.
लाल शब्द आहे तिथं राहील.

शनिवारी सभा आहे, दांडिया बाजारात, जिना चढून.
सात जण येतात, त्यातल्या दोघांना ऐकू येत नाही.
यंदा क्रमानं जायचं नाही असं ठरवलंय.
सत्त्याण्णवपासून सुरू करीन,
आणि मोठ्यानं सांगीन.